रायगड किनाऱ्यावरील झिलईदार मृद्भांडी : पुरातत्त्वीय व वैज्ञानिक अभ्यासाची एक चिकित्सा

सारांश

रायगड जिल्ह्यातील चौल या प्राचीन बंदरातून मिळालेल्या झिलईदार खापरांचा उल्लेख सागरी व्यापाराच्या इतिहासात वारंवार येतो. या खापरांचे वर्गीकरण आणि त्यांचे प्रयोगशाळेतील पृथक्करण या दोन स्वतंत्र अभ्यासपद्धती आहेत. प्रत्यक्ष लेखनात मात्र एकीचे गृहीतक दुसरीचा निष्कर्ष होऊन बसते. प्रस्तुत लेखात या अभ्यासातील नामकरण, उगमनिश्चिती, उपयोगाचा विचार आणि स्थलसंदर्भ या चार अंगांची चिकित्सा केली आहे. रासायनिक पृथक्करण 'हे भांडे कोठले' या प्रश्नापेक्षा 'हे भांडे कोठले नाही' या प्रश्नाचे उत्तर अधिक खात्रीने देते, आणि हा फरक न पाळल्यास विज्ञान हे केवळ प्रमाणपत्र ठरते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : चौल, झिलईदार मृद्भांडी, नीलहरित झिलई, उगमनिश्चिती, स्थलसंदर्भ.

१. प्रस्तावना

मातीचे भांडे ही मानवाची अत्यंत स्वस्त आणि म्हणूनच अत्यंत विश्वसनीय साक्ष होय. सोने वितळवले जाते, तांबे पुन्हा ओतले जाते, लाकूड कुजते, परंतु फुटलेले खापर कोणालाही नको असल्यामुळे जेथल्या तेथे राहते. झिलईदार खापराची स्थिती थोडी वेगळी आहे. ते चमकते, रंगीत असते, हाती घ्यावेसे वाटते. त्यामुळे अभ्यासकाचे लक्ष त्याकडे अगोदर जाते आणि त्याच्याभोवती कथा अधिक लवकर रचली जाते.

रायगडच्या किनाऱ्यावर अशा कथेसाठी पोषक भूमी आहे. कुंडलिकेच्या मुखाशी वसलेले चौल ग्रीक-रोमन लेखकांस 'सेमिल्ला' किंवा 'सिमिल्ला' या नावाने, तर अरब लेखकांस 'सैमूर' या नावाने परिचित होते. उत्तरेस घारापुरी, दक्षिणेस राजपुरीची खाडी, मांदाड आणि कुडा लेणी अशी सलग साखळी येथे आहे. पोर्तुगीजांनी इ. स. १५२१ पासून रेवदंड्यास आपले तटबंदीयुक्त ठाणे उभारले आणि ते १७४० मध्ये मराठ्यांकडे आले. जवळजवळ दोन सहस्रके परदेशी जहाजांचा राबता असलेल्या या भागात परदेशी भांडी सापडावीत यात नवल नाही. प्रश्न असा आहे की, सापडलेल्या भांड्यांवरून आपण नेमके काय म्हणू शकतो आणि प्रत्यक्षात काय म्हणतो.

२. अभ्यासाची पार्श्वभूमी

चौलविषयीचे आधुनिक लेखन जुने आहे. जे. गर्सन द कुन्हा यांचा चौल व वसई यांच्या इतिहासावरील ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला. तत्कालीन कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही चौलवर सविस्तर मजकूर आहे. हे लेखन प्रामुख्याने प्रवासवृत्ते, दस्तऐवज आणि वास्तू यांवर आधारलेले होते व त्यात खापरांना स्थान नव्हते. ती उणीव पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाने भरून काढली. विश्वास गोगटे यांनी २००३ मध्ये 'मॅन अँड एन्व्हायर्न्मेंट' या नियतकालिकात प्राचीन बंदराच्या शोधाची मांडणी केली. पुढे श्रीकांत प्रधान, अभिजित दांडेकर, सचिन जोशी, रुक्साना नानजी, शिवेंद्र काडगावकर इत्यादी सहकाऱ्यांसह २००६ मध्ये 'जर्नल ऑफ इंडियन ओशन आर्किऑलॉजी' मध्ये चौलच्या प्राचीन बंदरावरील विस्तृत लेख प्रसिद्ध केला. दस्तऐवजातील 'सैमूर' आणि जमिनीतील चौल यांची भेट येथे प्रथमच स्तरबद्ध पुराव्याच्या आधारे घडून आली, हे या कार्याचे मोठे श्रेय होय.

याच काळात उत्तरेस संजाण येथे २००२ ते २००४ या वर्षांत उत्खनने झाली. तेथील मृद्भांड्यांवर नानजी यांचा स्वतंत्र ग्रंथ २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. चौलची मृद्भांडी वाचकापर्यंत प्रामुख्याने लेखांच्या रूपाने पोहोचली, तर संजाणच्या मृद्भांड्यांना ग्रंथाचा अवकाश लाभला. हा फरक केवळ पृष्ठसंख्येचा नाही. झिलईदार खापरे साध्या, बिनझिलईच्या खापरांच्या सोबत, एकाच समूहाचा भाग म्हणून पाहता आली तरच त्यांचा अर्थ लागतो. लेखाच्या मर्यादित जागेत निवडक आणि लक्षवेधी खापरेच पुढे येतात व समूह मागे पडतो.

३. नावांची अडचण

मराठीत आपण 'चिनी माती' हा शब्द सहज वापरतो. लोणच्याची बरणी खुर्जा येथे बनलेली असो वा गुजरातेत, ती 'चिनी मातीची'च असते. येथे 'चिनी' हे उगमाचे नाव राहिले नसून गुणाचे नाव झाले आहे. 'मर्तबान' या शब्दाची कथाही तशीच आहे. ब्रह्मदेशातील एका बंदराचे नाव तेथून निघणाऱ्या झिलईदार रांजणांस चिकटले, आणि पुढे रांजण कोठलाही असला तरी नाव तेच राहिले. या दोन्ही शब्दांचा अर्थ सामान्य व्यवहारात बिघडत नाही, कारण बोलणाऱ्यास उगम सांगायचाच नसतो.

पुरातत्त्वीय परिभाषेत मात्र हीच प्रक्रिया घातक ठरते. पश्चिम किनाऱ्यावरील अहवालांत नीलहरित झिलईच्या खापरांना 'ससानियन-इस्लामी' असे नाव दिले जाते. या एका जोडनावात राजवंश, धर्म, प्रदेश आणि काल असे चार दावे एकदम केलेले असतात, आणि त्यांपैकी एकही दावा त्या खापराची तपासणी होण्यापूर्वी सिद्ध झालेला नसतो. रास अल-खैमाच्या मृद्भांड्यांवरील डेरेक केनेट यांच्या २००४ मधील अभ्यासासारख्या वर्गीकरणांतून हे स्पष्ट झाले आहे की, आखाती प्रदेशात नीलहरित क्षार-झिलईची परंपरा अनेक शतके अखंड चालू होती. काठ, बूड किंवा नक्षी नसलेल्या केवळ अंगाच्या तुकड्यावरून ससानियन काळ आणि अब्बासी काळ यांत भेद करणे अवघड असते. 'ससानियन-इस्लामी' हे नाव ही अनिश्चितता झाकते, सांगत नाही. त्याऐवजी 'नीलहरित क्षार-झिलई, पिवळसर अंग' असे वर्णनात्मक नाव दिले, तर उगम व काल हे पुढील तपासाचे विषय म्हणून मोकळे राहतात.

नाव आधी आणि तपास नंतर झाला की काय होते, याचे उदाहरण बिनझिलईच्या भांड्यांनी दिलेले आहे. भारतीय स्थळांवर मिळालेल्या अनेक खापरांची नोंद दीर्घकाळ 'रोमन अँफोरा' अशी होत होती. रोबर्टा टोम्बर यांनी २००७ मध्ये 'अँटिक्विटी' मध्ये दाखवून दिले की, त्यांपैकी बरीच खापरे भूमध्य सागराच्या परिसरातील नसून मेसोपोटेमियातील, आतून डांबराचा लेप दिलेल्या, कान नसलेल्या 'टॉर्पेडो' रांजणांची आहेत. रोमशी व्यापार होता हे आधीच ठाऊक असल्यामुळे प्रत्येक जाडजूड परदेशी खापर रोमकडे धावत गेले होते. इराणी आखाताशी असलेला, काळाने अधिक दीर्घ संबंध त्या नावाखाली दडून राहिला. एका नावाच्या सवयीने एका संपूर्ण प्रदेशाचा वाटा इतिहासातून वजा केला होता.

४. झिलईचे रसायन : सामर्थ्य व मर्यादा

झिलई म्हणजे मातीच्या अंगावर वितळून बसलेला काचेचा पातळ थर. काच बनविणाऱ्या वाळूस वितळविण्यासाठी कोणता द्रावक वापरला, यावरून झिलईची मुख्य कुळे ठरतात. क्षार-झिलईत वनस्पतीच्या राखेतील सोडा हा द्रावक असतो. अशा झिलईत तांब्याचे ऑक्साइड नीलहरित रंग देते. शिशाच्या झिलईत तेच तांबे हिरवा रंग देते. चीनमधील सेलाडॉन भांड्यांत चुना हा द्रावक असून भट्टीचे तापमान १२०० अंश सेल्सियसच्या पुढे जाते, आणि ऑक्सिजन कमी असलेल्या भट्टीतील अल्प लोहामुळे त्यास फिकट हिरवा रंग येतो. निळी-पांढरी चिनी भांडी पारदर्शक झिलईखालील कोबाल्टच्या चित्रणामुळे ओळखू येतात. म्हणजे दोन हिरवट खापरे डोळ्यांस सारखी भासली तरी त्यांचे रसायन पूर्णतः भिन्न असू शकते. प्रयोगशाळेची पहिली आणि निर्विवाद उपयुक्तता ही आहे.

दुसरी उपयुक्तता अंगाच्या मातीविषयी आहे. रायगडची भूमी दख्खनच्या बेसाल्टची आहे. या खडकापासून झालेल्या मातीत लोह व टायटॅनियम यांचे प्रमाण लक्षणीय असते आणि सूक्ष्मदर्शकाखाली पातळ छेदात ऑगाइट व प्लॅजिओक्लेज यांचे कण दिसतात. मेसोपोटेमियाच्या गाळाची माती चुनखडीयुक्त असल्याने भाजल्यावर फिकट पिवळसर होते. चिनी पोर्सेलिनचे अंग केओलिनयुक्त, पांढरे व काचेसारखे घट्ट असते. तेव्हा एखादे झिलईदार भांडे चौलच्या परिसरातील मातीचे नाही, एवढे विधान बऱ्याच खात्रीने करता येते.

अडचण त्यानंतरच्या पायरीवर सुरू होते. 'स्थानिक नाही' यापासून 'बसऱ्याचे आहे' येथपर्यंतचे अंतर मोठे आहे. सिंधू नदीचा गाळही चुनखडीयुक्त आहे, आणि सिंधच्या किनाऱ्यावरील बनभोर येथे, जेथे एफ. ए. खान यांनी १९५८ पासून उत्खनन केले, झिलईदार मृद्भांडी मोठ्या प्रमाणावर मिळाली आहेत. मेसोपोटेमिया आणि चौल यांच्या मध्ये एक नव्हे, अनेक संभाव्य स्थाने आहेत. ज्या स्थानांचे नमुने तुलनेसाठी उपलब्ध आहेत त्यांतच उत्तर शोधले गेले, तर उत्तर त्यांपैकीच एक येणार हे उघड आहे. नमुन्यांची यादी ही येथे निष्कर्षाची सीमा असते.

या संदर्भात रूलेटेड मृद्भांड्यांवरील वाद उद्बोधक आहे. गोगटे यांनी १९९७ मध्ये क्ष-किरण विवर्तनाच्या साहाय्याने या भांड्यांचा उगम बंगालमधील चंद्रकेतुगढ-तामलुक परिसरात असल्याचे प्रतिपादन केले. २००५ मध्ये फोर्ड, पोलार्ड, कनिंगहॅम व स्टर्न यांनी भूरासायनिक पद्धतीने हा प्रश्न पुन्हा हाती घेतला आणि रूलेटेड व तत्सम भांड्यांचा भूस्तरीय उगम समान असावा असे मत मांडले. ही भांडी एकमेकांसारखी आहेत याविषयीचा निष्कर्ष भक्कम होतो, परंतु नकाशावरील ठिकाण मात्र विवाद्य राहते. पृथक्करणाचे स्वरूपच असे आहे. ते 'समान' आणि 'भिन्न' हे शब्द ठामपणे उच्चारते, पण 'येथलेच' हा शब्द त्याच्या मुखी आपण घालतो.

येथे आपल्याच जिल्ह्यातील एक वर्तमान उदाहरण पाहावे. पेणच्या गणेशमूर्ती सर्वत्र प्रसिद्ध आहेत, परंतु त्यांसाठी लागणारी शाडूची माती गुजरातेतून येते. पाचशे वर्षांनंतर एखाद्या अभ्यासकाने केवळ मातीचे पृथक्करण करून या मूर्ती गुजरातेत घडल्या असे लिहिले, तर त्याचे रसायन अचूक आणि इतिहास चुकीचा ठरेल. मातीचा उगम म्हणजे वस्तूचा उगम नव्हे. मोठी भांडी दूरच्या मातीची असण्याची शक्यता कमी असते हे खरे. परंतु झिलईसाठी लागणारे सोडा, शिसे, कथील, कोबाल्ट हे पदार्थ स्वतःच व्यापाराच्या वस्तू होते. त्यामुळे झिलईचे रसायन आणि अंगाचे रसायन या दोन साक्षी स्वतंत्रपणे नोंदविल्या पाहिजेत. एकीने दुसरीचे काम करू नये.

कोकणच्या हवामानाचाही विचार आवश्यक आहे. क्षार-झिलई ओलसर जमिनीत झिजते. तिच्यातील सोडियम पाण्याबरोबर निघून जाते, पृष्ठभाग पांढरट होतो, इंद्रधनुषी पापुद्रे सुटतात. वर्षाला २००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आणि खाऱ्या खाडीलगतच्या या प्रदेशात मूळ झिलई व आजचा पृष्ठभाग यांत मोठे अंतर पडणे स्वाभाविक आहे. हाती धरून वापरता येणारी क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्रे अलीकडे अनेक संस्थांत आली आहेत. ती जलद आहेत आणि खापर फोडावे लागत नाही. परंतु ती झिजलेला पृष्ठभागच वाचतात, आणि सोडियमचा क्ष-किरण संकेत इतका क्षीण असतो की तो हवेतच शोषला जातो. म्हणजे क्षार-झिलई ठरविणारा मुख्य घटकच या यंत्रास नीट दिसत नाही. तांबे व शिसे यांच्या आधारे प्राथमिक गट पाडण्यास ते उपयुक्त आहे, परंतु उगमाचा निर्णय देण्यास अपुरे आहे. त्यासाठी न झिजलेला छेद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली किंवा लेसर-आधारित वस्तुमान वर्णपटाने तपासावा लागतो. तेव्हा कोणत्याही कोष्टकापूर्वी 'मोजमाप पृष्ठभागावर की छेदावर' हा प्रश्न वाचकाने विचारला पाहिजे.

कालनिश्चितीसाठीही सावधगिरी आवश्यक आहे. कथिलामुळे अपारदर्शक झालेली पांढरी झिलई चिनी पांढऱ्या भांड्यांच्या अनुकरणातून नवव्या शतकात इराकमध्ये जन्मली, असे मत दीर्घकाळ प्रचलित होते. मतीन, टाइट व वॉटसन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार तिचा आरंभ त्यापूर्वी, इजिप्त व शाम देशाच्या परिसरात आठव्या शतकात जातो. जुन्या मताच्या आधारे दिलेली स्तरांची कालनिश्चिती अशा वेळी पुन्हा तपासावी लागते. स्तर खापराचा काल ठरवितो आणि खापर स्तराचा, असे चक्र पूर्ण झाले की चूक बाहेरून दिसेनाशी होते.

५. 'कोठून' या प्रश्नापलीकडे

चौलच्या साहित्यावर झालेले एक महत्त्वाचे वैज्ञानिक काम काचमण्यांविषयी आहे. लॉर डुसुबिए, चापुरुखा कुसिंबा, विश्वास गोगटे, राहुल ओक प्रभृतींनी २००८ मध्ये 'आर्किऑमेट्री' मध्ये दक्षिण आशिया व पूर्व आफ्रिका येथील सोडा-ॲल्युमिना काचेच्या मण्यांचे पृथक्करण प्रसिद्ध केले. भारतीय काचेचे वैशिष्ट्य असलेले ॲल्युमिनाचे अधिक प्रमाण हा या अभ्यासाचा धागा असून, त्यायोगे चौल आणि केनियाचा किनारा यांतील संबंधास ठोस भौतिक आधार मिळाला. काच आणि झिलई ही सख्खी भावंडे असल्याने या निष्कर्षाचा उपयोग झिलईच्या अभ्यासासही होऊ शकतो. भारतीय कच्च्या मालापासून झालेली क्षार-झिलई ॲल्युमिनाच्या प्रमाणावरून वेगळी ओळखता यावी, ही अपेक्षा तर्कसंगत आहे. मात्र भाजताना अंगाच्या मातीतील ॲल्युमिना झिलईत उतरते, हे ध्यानात घेऊन झिलईच्या बाह्य भागाचे व अंगालगतच्या भागाचे मोजमाप वेगळे करावे लागेल. 'झिलईदार म्हणजे परदेशी' हे समीकरण अशा कसोटीवर घासून पाहता येते, आणि ते घासून पाहिल्याशिवाय स्वीकारू नये.

ओक, डुसुबिए, कुसिंबा व गोगटे यांचाच दुसरा निबंध २००९ मध्ये ऐतिहासिक आशियाई मृद्भांड्यांच्या वैज्ञानिक संशोधनावरील फोर्ब्स परिसंवादाच्या ग्रंथात समाविष्ट झाला. इ. स. १२०० ते १७०० या काळात हिंदी महासागरातील चिनी भांड्यांच्या निर्यातीवर अनुकरण करणाऱ्या उद्योगांचा आणि चीनमधील राजकीय निर्बंधांचा काय परिणाम झाला, हा त्याचा विषय आहे. या निबंधाचे महत्त्व असे की, त्यात भांडे ही केवळ आलेली वस्तू न राहता निवडलेली वस्तू होते. बाजारात अस्सल आणि नक्कल दोन्ही असतील, तर ग्राहकाने काय घेतले, का घेतले, हा प्रश्न उभा राहतो. चौलच्या इतिहासात ग्राहक प्रथमच दिसू लागतो.

तथापि या दिशेने पुढे जाताना मोजणीची कसोटी कडक हवी. एका रांजणाचे पन्नास तुकडे होतात आणि एका वाडग्याचे पाच. केवळ तुकड्यांची संख्या मोजल्यास रांजण दहापट महत्त्वाचा भासतो. संख्या, वजन आणि काठांवरून काढलेली भांड्यांची किमान संख्या ही तिन्ही मापे दिली जावीत. शिवाय झिलईदार खापर पृष्ठभागावरून सहज नजरेत भरते, त्याच मातीतील काळपट-तांबूस खापर नजरेतून सुटते. पृष्ठभागावरील संकलनातील झिलईदार खापरांचे प्रमाण म्हणून नेहमीच फुगलेले असण्याची शक्यता आहे. हे प्रमाण उत्खननातील चाळलेल्या मातीच्या प्रमाणाशी ताडून पाहिल्याखेरीज व्यापाराच्या चढउताराविषयी विधान करू नये.

उपयोगाचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. नीलहरित झिलईचे मोठे रांजण चीनपर्यंत पोहोचले होते. फुझौ येथील, इ. स. ९३० मध्ये मृत झालेल्या लिऊ हुआ या राजस्त्रीच्या थडग्यात असे तीन रांजण मिळाले. तेथे ते मृताच्या सन्मानाची वस्तू झाले होते. चौलमध्ये त्याच प्रकारचा रांजण तेल, खजुराचा पाक किंवा अन्य पदार्थ आणणारे साधे पात्र असू शकतो. भांडे एकच, परंतु दोन बंदरांत त्याचे सामाजिक स्थान निराळे. झिलईमुळे आतील पदार्थ अंगात फारसा शोषला जात नाही, म्हणून त्याचे अवशेषही सहसा मिळत नाहीत. पदार्थांचा शोध घ्यायचा तर सोबतच्या बिनझिलईच्या रांजणांकडे वळावे लागते. थायलंडमधील फानोम सुरिन येथील बुडालेल्या जहाजातील टॉर्पेडो रांजणांच्या डांबराचे पृथक्करण २०२० मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्या डांबराचा माग नैऋत्य इराणपर्यंत लागला. झिलईचे कोडे कधीकधी झिलई नसलेले भांडे सोडविते.

त्याचप्रमाणे ही भांडी व्यापाराचा माल होती, की वस्ती करून राहिलेल्या लोकांच्या संसारातील वस्तू होत्या, हेही विचारले पाहिजे. अरब प्रवासी अल-मसूदी याने दहाव्या शतकाच्या आरंभी सैमूरला भेट दिली. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेल्या व येथेच स्थायिक झालेल्या सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती तेथे असल्याचे तो नमूद करतो. संख्या अतिशयोक्त मानली तरी वस्ती नाकारता येत नाही. राष्ट्रकूटांच्या चिंचणी ताम्रपटात शके ८४८ मध्ये संजाणचा कारभार पाहणाऱ्या ताजिक अधिकाऱ्याचा उल्लेख आहे. म्हणजे उत्तर कोकणात आखाती प्रदेशातील लोक केवळ जहाजावर नव्हते, घरात आणि कारभारातही होते. अशा घरात आलेले झिलईदार ताट हा आयातीचा पुरावा असेलच असे नाही, तो स्थलांतराचाही पुरावा असू शकतो. दुसरीकडे, सोवळ्याओवळ्याच्या व्यवहारात चिनी मातीच्या पात्रांविषयी संकोच बाळगणारी कुटुंबे आपल्या समाजात अलीकडपर्यंत होती. तेव्हा वस्तीच्या कोणत्या भागात ही खापरे मिळतात व कोणत्या भागात मिळत नाहीत, ही नोंद रासायनिक कोष्टकाइतकीच मोलाची आहे.

६. स्थलसंदर्भ व त्याचा ऱ्हास

वरील सर्व प्रश्नांची उत्तरे खापर ज्या जागी होते त्या जागेवर अवलंबून आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा संग्रहातील उत्कृष्ट चिनी भांडी पाहावयास मिळतात. ती अखंड आणि देखणी आहेत, परंतु ती कोणाच्या घरात, कोणत्या बाजारात, कोणत्या शेजारात वावरली हे ती सांगत नाहीत. चौलचा अंगठ्याएवढा तुकडा हे सांगू शकतो, मात्र तो मूळ स्तरात असेल तरच.

चौल-रेवदंड्याचे प्राचीन नगर आज नारळी-पोफळीच्या वाड्यांखाली आहे. वाडी शिंपताना, आळी करताना, झाडे लावताना माती पिढ्यान्‌पिढ्या खालीवर झाली आहे. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळाने असंख्य झाडे मुळासकट उपटली. उन्मळलेल्या झाडाचा मुळवा आपल्याबरोबर माती आणि तीत असलेले सर्व काही वर आणतो व मागे खड्डा ठेवतो. तो खड्डा बुजला की स्तरांचा क्रम कायमचा बिघडतो. अलिबाग तालुक्यातील बंगल्यांची बांधकामे, विहिरी व पाया यांसाठीचे खोदकाम हे तर अखंड चालू आहे. वाडीमालकाने झाड लावू नये किंवा घर बांधू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु खोदकामापूर्वी वा खोदकामासमयी नोंद करणारी कोणतीही स्थानिक व्यवस्था नसणे, ही अभ्यासकांची उणीव आहे, वाडीमालकाची नव्हे.

७. महाविद्यालयीन अध्यापकांची भूमिका

बहुविद्याशाखीय नियतकालिकात हा विषय मांडण्याचे प्रयोजन येथे स्पष्ट होते. एकाच महाविद्यालयात इतिहास, रसायनशास्त्र, भूगोल व मराठी हे विभाग शेजारी शेजारी असतात आणि त्यांचे संशोधन एकमेकांस अपरिचित राहते. उत्खननास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंस १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो. त्यामुळे खापरे गोळा करून विभागाच्या कपाटात भरणे हा मार्ग कायद्याने व शास्त्राने दोन्ही दृष्टींनी त्याज्य आहे. तथापि पुढील कामे खापर न उचलताही करता येतात.

पहिले, उघड्या पडलेल्या मातीतील खापरांची मोजपट्टीसह छायाचित्रे आणि अक्षांश-रेखांशांसह नोंद करून ती संबंधित शासकीय विभागास व संशोधन संस्थेस कळविणे. दुसरे, रायगडमधील आजच्या मातीचे, विशेषतः खाडीकाठच्या व कुंभारांनी वापरलेल्या मातीचे, रासायनिक व खनिजीय नमुने तयार करणे. 'स्थानिक' म्हणजे काय याची सारणी नसताना 'परदेशी' हा शब्द अधांतरी राहतो, आणि ही सारणी रसायन व भूगोल विभागांना सहज साध्य होण्यासारखी आहे. तिसरे, बरणी, मर्तबान, रांजण, माठ, घागर, परळ अशा भांड्यांच्या नावांचा, आकारांचा व उपयोगांचा किनाऱ्यावरील जुन्या घरांतून कोश करणे. काठाच्या तुकड्यावरून भांड्याचा उपयोग ओळखावयाचा तर वापराचे ज्ञान हवे, आणि ते ज्ञान असलेली पिढी आता वृद्ध झाली आहे.

८. निष्कर्ष

चौलच्या झिलईदार मृद्भांड्यांच्या अभ्यासाने रायगड किनाऱ्यास हिंदी महासागराच्या इतिहासात भौतिक पुराव्यानिशी स्थान मिळवून दिले, हे निःसंशय. या चिकित्सेतून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. एक, राजवंशदर्शक व धर्मदर्शक नावांऐवजी वर्णनात्मक नावे वापरावीत. दोन, अंग आणि झिलई यांची साक्ष वेगळी नोंदवावी, मोजमाप पृष्ठभागाचे की छेदाचे हे सांगावे, आणि पृथक्करणाचा निष्कर्ष प्रथम नकारात्मक स्वरूपात मांडावा. तीन, झिलईदार खापरांचे प्रमाण बिनझिलईच्या खापरांसह व एकाहून अधिक मापांनी द्यावे. चार, उगमाबरोबर उपयोग, वस्ती आणि स्थलसंदर्भ यांचा विचार अनिवार्य मानावा.

आपल्या गावी जगातील जहाजे येत होती, या भावनेत अभिमान असणे स्वाभाविक आहे. परंतु अभिमानास एक चमकदार खापर पुरते, इतिहासास शेजारची दहा निस्तेज खापरेही लागतात. ती अद्याप वाड्यांच्या मातीत आहेत. त्यांची नोंद किती वर्षांत होते, यावर चौलविषयी पुढील पिढीस किती सांगता येईल हे ठरणार आहे.